मधलंच गेलं कुठं

जानराव इंगळे अकोल्याहून हृदयात स्प्रिंग बसवून घरी आले, तेव्हा रोहिणखेडातला जो तो भेटायला येऊन एकच विचारू लागला, "सर, तुमाले कसा काय अटॅक आला?" त्यात काळजी होतीच, पण थोडी तक्रारही होती. साऱ्या नोकरीभर ज्या माणसाने शाळेत कवायत शिकवली, तंबाखूला कधी हात लावला नाही, निवृत्तीनंतरही रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारल्या, त्यालाच झटका यावा म्हणजे आपल्यासारख्यांनी काय करायचं, असं त्यांना म्हणायचं असे. सर हसून म्हणत, "आला बुवा. विचारून नाही आला."

अकोल्याच्या डॉक्टरांनी निघताना बजावून सांगितलं होतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ज्या दोन गोळ्या दिल्या आहेत, त्या वर्षभर एकदाही चुकवायच्या नाहीत. त्यातली एक दिवसातून दोनदा. सर शिस्तीचे. गोळीची वेळ झाली की केसरबाईंनी पाण्याचा गिलास आणण्याआधीच ते तळहातावर गोळी घेऊन बसलेले असत.

पहिल्यांदा ते घडलं, तेव्हा घरी येऊन आठवडाही उलटला नव्हता. केसरबाई मेथी निवडत होत्या आणि शेजारच्या सिंधूताईच्या सुनेची हकीकत सांगत होत्या. निवडायची एक जुडी हातात धरून सर खाटेवर बसून नीट ऐकत होते. सून माहेरी गेली, तिथं भावाशी तिचं वाजलं, आणि केसरबाई म्हणाल्या, "तवापासून त्या म्हशीनं दूधच नाही देल्लं."

"कोणत्या म्हशीनं?"

"अजी, आत्ताच तं सांगितलं! भांडण मिटलं म्हणून भावानं दिली ना तिले म्हैस. तुमचं ध्यान कुठं हाये?"

ध्यान तिथंच होतं. पण कापडाचा मधला तुकडा कापून दोन्ही टोकं शिवून टाकावीत, तसं त्यांना भावाच्या भांडणापुढे एकदम म्हशीचं दूध ऐकू आलं होतं. मधली म्हैस कुठं गेली ते कळेना. डुलकी लागली असेल, असं त्यांनी ठरवलं. पण डुलकी लागलेल्या माणसाची मान तरी लवते; त्यांच्या हातातली मेथीची जुडी जशीच्या तशी होती.

मग श्वासाचं सुरू झालं. तेही उलटंच. मैदानाला सावकाश फेरी मारताना काही होत नसे, आणि घरी येऊन निवांत टेकले की वाटे, एक मोठा श्वास भरून घ्यावा. तो घेतला की वाटे, तळापर्यंत पोचलाच नाही, अजून एक घ्यावा. चालताना दम लागला असता तर हृदयाचं दुखणं म्हणून समजून घेता आलं असतं. बसल्या जागी दम लागणारं हे कोणतं दुखणं? मुलगा संघर्ष म्हणाला, "बाबा, गॅस असंल." केसरबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे, आणि त्यांनी नाचणीची आंबील सुरू केली. सरांना एकदा वाटे गॅस आहे, एकदा वाटे अशक्तपणा आहे. आंबील प्यायल्यावर दोन्ही वाटे.

संघर्षने त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. छातीला तारा लावून हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, "एकदम चांगली आहे सर. नाडी जरा सावकाश चालते, पण खेळाडूची नाडी अशीच असते." ते ऐकून सरांची मान ताठ झाली. चक्कर येते का, असंही डॉक्टरांनी विचारलं, आणि सर म्हणाले, "नाही."

ते खोटं नव्हतं. चक्कर म्हणजे घर फिरतं, जमीन कलते. तसं कुठं होत होतं? त्यांचं तर फक्त मधलं काहीतरी नाहीसं होत होतं. आणि ते सांगायची त्यांना भीती वाटत होती. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी असेच झाले होते. जेवले की पुन्हा जेवायला मागत, संघर्षला सरांच्या नावाने हाक मारत. आपलंही त्याच वाटेने सुरू झालं असेल तर ते कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही, एवढं सरांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या महिन्याच्या शेवटी शाळेच्या मैदानावर मुलींची तालुका कबड्डी स्पर्धा होती. रोहिणखेडच्या संघात संघर्षची मुलगी समता होती. बारावीत शिकत होती, चढाईला गेली की समोरच्या पोरी आपोआप मागे सरकत. तिला पहिला डाव शिकवला तो सरांनीच, घरामागच्या अंगणात चुन्याची रेघ ओढून.

अंतिम सामना रोहिणखेड आणि मोताळा यांच्यात ठरला. खुर्चीवर बसून सर बघणार होते. पण मलकापूरहून यायचे मुख्य पंच अडकले, त्यांची गाडी वाटेत बंद पडली. आयोजकांची पळापळ झाली. तेव्हा मोताळ्याच्या संघाची प्रशिक्षक प्रतीक्षा पुढे आली. ती सरांचीच जुनी विद्यार्थिनी.

"इंगळे सरच पंच राहू द्या ना," ती म्हणाली.

आयोजक म्हणाला, "अहो, पण त्यांची नात खेळते."

"म्हणून काय झालं? सर नातीलेबी सोडाचे नाहीत. मले नाही का शाळेत धाकट्या बहिणीसमोर बाद दिलं होतं!" सगळे हसले. केसरबाईंनी लांबून हातानेच नको नको केलं, पण तोवर सरांनी शिट्टी गळ्यात घातली होती. किती दिवसांनी त्यांना वाटलं, आपण आजारी नाही.

सामना चुरशीचा झाला. शेवटच्या चढाईला मोताळा एका गुणाने पुढे होतं आणि चढाई समताची होती. सर मध्यरेषेच्या टोकाला, दोरी बांधलेल्या खांबाजवळ उभे होते. समता आत शिरली, डावीकडे झुकली, मागे वळली, आणि कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. दुसरी कमरेला बिलगली. समता त्या दोघींना ओढत रेषेकडे येऊ लागली. सरांना तिचा तळवा दिसला, पांढरी रेघ दिसली, दोन्हींच्या मधली माती दिसली.

आणि मग सगळं मैदान ओरडत होतं. समता पालथी पडलेली, तिच्या अंगावर चार मुली. तिचा हात रेषेच्या अलीकडे, आखडलेला. सगळ्यांचे डोळे सरांवर. माती दिसली होती तिथपासून इथपर्यंतचं काहीच त्यांच्याजवळ नव्हतं.

शिट्टी वाजवायला हवी होती. वाजवली का आपण? त्यांना कळेना. समोर जे दिसत होतं ते एवढंच की हात रेषेला टेकलेला नाही. त्यांनी तेवढ्यावर हात वर केला. बाद.

मोताळ्याच्या मुली नाचू लागल्या. समता उठली, तोंडाला लागलेली माती तशीच. "आबा, मी शिवली रेघ! पूर्ण बोटं टेकवली! त्यानंतर ओढलं मले यांनी!"

सर म्हणाले, "निर्णय झाला." आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

घरी समता त्यांच्याशी बोलेना. संध्याकाळी केसरबाईंनी ताट वाढलं तेव्हा ती एकदम फुटली. "प्रतीक्षाताई म्हणे ना, सर नातीलेबी सोडत नाहीत. ते खरं करून दाखवाचं होतं तुमाले. दुसरी कोणी असती तं तुमी बाद नसतं दिलं."

"समता!" संघर्ष दटावू लागला.

"मंग त्यायले सांगू द्या ना, की मी रेघ शिवली नाही. सांगा आबा. तुमी समोरच होते."

सरांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. शिवली नाहीस म्हणावं तर ते माहीत नव्हतं. शिवलीस म्हणावं तर तेही माहीत नव्हतं. दिसलंच नाही म्हणावं, तर पंच मध्यरेषेवर उभा राहून काय करत होता, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. ते जेवण टाकून उठले.

पुढचे दोन दिवस त्यांनी तो सामना मनात इतक्या वेळा खेळला की खरं काय ते आणखीच धूसर झालं. कधी त्यांना समताची बोटं रेषेवर लख्ख दिसत, नखांना चुना लागलेला. कधी तीच बोटं वीतभर अलीकडे थांबलेली दिसत, तीही तितकीच लख्ख. दोन्ही आठवणी खऱ्या वाटत, म्हणजे एक तरी आपण बनवलेली. मग त्यांना थोरले भाऊ आठवत.

जुने मित्र हिंमतराव येऊन बसले. सरांनी त्यांना अर्धंमुर्धं सांगितलं, की जरा बावचळल्यासारखं होतं. हिंमतरावांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"गोळ्यायनं होते बे ते. एवढ्या गोळ्या खाल्ल्या तं घोडाबी बावचळंल. माह्या साडूनं साऱ्या सोडून देल्ल्या. आता पाह्य कसा हिंडते."

सरांना ते पटलं नाही आणि पटलंही. झटका येण्याआधी त्यांचं असं काही होत नव्हतं. नवीन काय आलं होतं घरात? गोळ्याच. पण त्याच गोळ्यांवर आपण जिवंत आहोत, असंही अकोल्याला सांगितलं होतं. ज्या गोळीने वाचवायचं तिनेच असं करायचं, हे त्यांच्या हिशेबात बसेना. त्या संध्याकाळी त्यांनी गोळी तळहातावर घेतली, पाणी प्यायले, आणि गोळी सदऱ्याच्या खिशात टाकली. गोळी चुकवणाऱ्या माणसाचा चेहरा कसा दिसतो कोण जाणे, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समता खाटेजवळ येऊन उभी राहिली. हातात मोबाइल होता. सर उठून बसले. आता पुन्हा भांडण, असं त्यांना वाटलं.

"सामन्याचा व्हिडिओ हाये," ती म्हणाली. "हर्षलनं काढला होता, माह्या मैत्रिणीच्या भावानं. मी तुमाले दाखवाले मागून आणला, का पाहा, कशी रेघ शिवली म्हणून."

"मंग? शिवली?"

"ते दिसतच नाही. पोरी आडव्या येतात." ती त्यांच्या शेजारी बसली. रागाचा मागमूस तिच्या आवाजात नव्हता. "तुमी तुमाले पाहा आबा. मले नका पाहू."

सरांनी चष्मा लावला. पडद्यावर पोरींची झटापट होती आणि तिच्या पलीकडे, खांबाजवळ, एक पांढऱ्या सदऱ्याचा म्हातारा उभा होता. तो वाकून रेषेकडे बघत होता. मग त्याच्या ओठांतून शिट्टी निसटली आणि गळ्यातल्या दोरीला लोंबू लागली. त्याचा हात खांब शोधू लागला, एकदा चुकला, मग सापडला. डोळे उघडे होते. समोर एवढा आरडाओरडा चालला होता आणि तो म्हातारा रिकाम्या मैदानाकडे बघावं तसा बघत होता. मग तो दचकल्यासारखा सरळ झाला, इकडे तिकडे पाहिलं, आणि हात वर केला.

"शिट्टी पडली होती?" सरांनी विचारलं. "मले तं हे माहीतच नाही."

"तुमी पाहूनच नव्हते राह्यले आबा." समताचे डोळे भरले. "आन मी काय काय बोलली तुमाले."

त्या सकाळी मग सगळंच बाहेर आलं. म्हैस, श्वास, थोरल्या भावाची भीती, खिशातली गोळी. गोळीचं ऐकून केसरबाईंनी कपाळावर हात मारला. "अजी, इतके दिवस मनात घेऊन बसले? मले काऊन नाही सांगितलं?" संघर्षने गाडी काढली आणि राजूर घाट चढून सगळे बुलढाण्याला आले.

तिथल्या हृदयरोगाच्या डॉक्टर सारिका वयाने तरुण होत्या. त्यांनी पुन्हा पट्टी काढली. पट्टी पुन्हा चांगली आली. सरांना वाटलं, चला, म्हणजे डोक्याचंच आहे. पण डॉक्टरांनी समताच्या मोबाइलमधला व्हिडिओ मागून घेतला आणि तीनदा पाहिला. मग त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. एक पाकीट उचलून त्या म्हणाल्या, "ही गुठळी होऊ न देणारी टिकाग्रेलॉर रोज दोनदा घेताय ना?"

"काल संध्याकाळची नाही घेतली. आजची सकाळचीबी नाही."

डॉक्टर आतापर्यंत मऊ बोलत होत्या, त्या एकदम कडक झाल्या. "सर, तुमच्या स्टेंटला, म्हणजे त्या स्प्रिंगला, अजून दोन महिनेही झालेले नाहीत. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद केली तर आत गुठळी होऊन स्टेंट बंद पडू शकतो. मग घाट चढून माझ्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळायचा नाही."

"पण ह्या गोळीनंच होत असंल तं?"

"होत असेलही. म्हणून तर विचारते आहे. पण ती बंद करायची नसते, बदलायची असते, आणि ते आम्ही ठरवायचं. आधी होतंय काय ते बघू."

त्यांनी सरांना दाखल करून घेतलं, समोर गोळी घ्यायला लावली आणि छातीवर एक छोटं यंत्र चिकटवलं. ते दिवसभर हृदयाचा प्रत्येक ठोका टिपणार होतं. काही वेगळं वाटलं की यंत्रावरचं बटण दाबायचं. सरांनी फार मन लावून बटण दाबलं. श्वास अपुरा वाटला की दाबलं, नर्सचं बोलणं कळलं नाही की दाबलं. एकदा केसरबाईंनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही म्हणून दाबलं, तर केसरबाई म्हणाल्या, "मी बोललीच नाही काही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून पडद्यावर रेघा दाखवल्या. उभ्या टोकांची रांग चालली होती, एकासारखी एक. आणि मध्येच रांग थांबली. सपाट रेघ. मग पुन्हा टोकं सुरू.

"हे काय?" समताने विचारलं.

"इथे हृदय थांबलं होतं. काही सेकंद."

सर त्या सपाट रेघेकडे बघत राहिले. दोन वेळा तशी रेघ होती.

"मी बटण दाबलं तवाच ना हे?"

"नाही, तीच तर गंमत आहे. तुम्ही बटण दाबलं तेव्हा दर वेळी हृदय व्यवस्थित चालू होतं. हे दोन्ही थांबे आले तेव्हा तुम्ही दाबलंच नाही. एकदा तर तुम्ही चहा पीत होता."

सर गोंधळून गेले. म्हणजे जेव्हा काही झालं असं वाटलं तेव्हा काही झालं नव्हतं, आणि जेव्हा झालं तेव्हा त्यांना पत्ताही नव्हता. मग माणसाने विश्वास कशावर ठेवायचा?

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. या गोळीने काही लोकांना बसल्या बसल्या दम लागतो, आणि थोड्या लोकांत ठोके असे मध्येच थांबतात. बहुतेकांना ते जाणवतही नाही. सरांची नाडी मुळातच सावकाश, म्हणून त्यांना जास्त त्रास झाला असावा. "असं नेमकं का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे गोळीमुळेच आहे, असंही मी आज छातीठोक सांगणार नाही. गोळी बदलूनही थांबे आले, तर पेसमेकर बसवावा लागेल." त्यांनी अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ बोलल्या, आणि त्या गोळीच्या जागी त्याच कामाची दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल, सुरू केली. पुढचे काही दिवस सरांना तिथंच ठेवलं.

श्वास आधी मोकळा झाला. सरांच्या ते लक्षातच आलं नाही, केसरबाई म्हणाल्या, "आता तुमी उसासे टाकत नाही." मग यंत्र पुन्हा लावलं. या वेळी टोकांची रांग शेवटपर्यंत कुठेच तुटली नाही.

घरी जाताना सरांनी दारातून मागे वळून विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी मैदानावर माझं हृदयच थांबलं होतं ना? की नुसतंच माझं लक्ष नव्हतं?"

डॉक्टर सारिका म्हणाल्या, "बहुतेक थांबलंच असणार. पण त्या दिवशी यंत्र लावलेलं नव्हतं, सर. खात्रीने कोणी सांगू शकणार नाही."

सरांना ते 'बहुतेक' गाडीत बसल्यावरही पुरलं नाही. घरी आल्यावर त्यांनी प्रतीक्षाला फोन करून सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "मंग सर, स्पर्धेची ढाल रोहिणखेडले पाठवू का?"

"तसं नाही ना म्हणत मी. तिनं रेघ शिवली असं कुठं म्हणतो मी? मले माहीत नाही, एवढंच म्हणतो."

"मंग आता करावं काय?"

शेजारी ऐकत बसलेल्या समतानेच फोन त्यांच्या हातून घेतला. "ताई, ढाल तुमच्याकडंच राहू द्या. मी तो व्हिडिओ इतक्या खेपा पाह्यला, का आता मलेच पक्कं वाटत नाही, शिवली का नाही ते. तवा वाटे, बोटं टेकली. आता वाटते, टेकलीच पाह्यजे म्हणून तसं वाटलं असंल. आपण पुन्हा खेळू ना एकदा. ढालीसाठी नाही. असंच."

पुढच्या रविवारी मोताळ्याच्या मुली टेम्पोत बसून आल्या. पंच मलकापूरहून वेळेवर पोचले. सर बाकीच्या लोकांत, केसरबाईंच्या शेजारी बसले. दुसऱ्या डावात समता चढाईला गेली, खोल शिरली, आणि तिघींनी तिला कोपऱ्यातच दाबून धरलं. मध्यरेषा तिच्यापासून कितीतरी लांब होती. पंचांनी शिट्टी मारायच्याही आधी ती हसत उठली, अंगावरची माती झटकत बाहेर आली आणि आजोबांच्या पायाशी येऊन बसली.

"बाद होती ना मी?" तिने विचारलं.

"हाव," सर म्हणाले. "साफ बाद."

केसरबाईंनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली, आणि सर पुढची चढाई बघू लागले.